वादळाच्या पोटातलं पाणी

2019 ची दिवाळी कोकणात पावसात गेली. 24 ऑक्टोबरच्या सुमारास रत्नागिरीसमोर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र घट्ट होत गेलं आणि 27 तारखेला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, त्याचा सुपर सायक्लोन झाला. त्याचं नाव क्यार. वाऱ्याचा वेग ताशी 240 किलोमीटरच्या घरात. सुदैवाने ते आपल्या किनाऱ्यावर चढलं नाही, ओमानच्या रोखाने गेलं, मग खाली वळून सोकोत्रा बेटाच्या आसपास विरलं. पण ते विरायच्या आतच लक्षद्वीपकडून ‘महा’ नावाचं दुसरं वादळ उठलं. एकाच वेळी दोन वादळं अरबी समुद्रात फिरत होती आणि इकडे नाशकात द्राक्षांचे घड कुजत होते, मराठवाड्यात कापून ठेवलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटत होते. शेतकऱ्याच्या भाषेत हा अवकाळी. हवामानाच्या भाषेत मात्र त्याला मागचापुढचा काळ होता, कारण त्या वर्षी अख्खा हिंदी महासागर एका बाजूला कलल्यासारखा झाला होता.

समुद्राचं हे कलणं, सावरणं, पुन्हा कलणं म्हणजे काय आणि त्याचा वादळाच्या पावसाशी नेमका कुठे संबंध येतो, ते पायरीपायरीने बघू. ‘एल निनो आहे म्हणून पाऊस’ किंवा ‘एल निनो आहे म्हणून दुष्काळ’ अशी वाक्यं आपण इतकी ऐकतो, की मधल्या पायऱ्या कुणी विचारतच नाही.

आधी वादळाचा पाऊस येतो कुठून ते बघू. चक्रीवादळ म्हणजे वाफेवर चालणारं इंजिन. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असलं, की त्यावरची हवा वाफेने जड न होता हलकी होते आणि वर चढते. वर गार पडून वाफेचं पाणी होतं, आणि ते होताना उष्णता सुटते. एक किलो वाफेचं पाणी झालं की जवळपास 25 लाख ज्यूल. ती उष्णता हवेला आणखी वर ढकलते, खाली दाब कमी होतो, चहूबाजूंनी नवी दमट हवा आत धावते. पृथ्वी फिरते आहे म्हणून ही हवा सरळ न येता गरगरत येते.

या गिरणीत किती पाणी दळलं जातं? अमेरिकेच्या हवामान खात्यातल्या शास्त्रज्ञांचा एक जुना हिशेब आहे. सरासरी वादळ आपल्या केंद्रापासून 665 किलोमीटरच्या वर्तुळात दिवसाला दीड सेंटिमीटर पाऊस पाडतं. दीड सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण 665 किलोमीटर म्हणजे मुंबई-नागपूरचं जवळपास सरळ रेषेतलं अंतर. तेवढी दोरी घेऊन वर्तुळ काढा आणि त्यात दीड सेंटिमीटर पाणी भरा. एकवीस घन किलोमीटर होतं. कोयनेचं धरण काठोकाठ भरलं की 105 टीएमसी, म्हणजे तीन घन किलोमीटरला थोडं कमी. सरासरी वादळ रोज सात कोयना रिकाम्या करतं.

एवढं पाणी वादळाच्या थेट खालच्या समुद्रातून लगेच निघत नाही. तिथून उडणारी वाफ या हिशेबाला पुरी पडत नाही. बहुतेक वाफ शेकडो किलोमीटर लांबून, आधीच हवेत साठलेली, वाऱ्याबरोबर ओढून आणलेली असते. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण समुद्राची मोठी चक्रं वादळापर्यंत पोचतात ती इथूनच. वादळाच्या पायाखालचा तुकडाच नव्हे, तर सबंध समुद्राचा स्वभाव त्यात उतरतो.

आता तुमच्या गावात पडणाऱ्या पावसाकडे येऊ. तो चार गोष्टींवर ठरतो: हंगामात वादळं किती उठली, ती कुठून कुठे गेली, त्यांच्या हवेत वाफ किती होती, आणि तुमच्या डोक्यावर ती किती वेळ थांबली. समुद्राची चक्रं या चारही ठिकाणी हात घालतात, पण सारख्या जोराने नाही. सगळा घोळ तिथेच होतो.

सगळ्यात ओळखीचं चक्र प्रशांत महासागरातलं. पेरूच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना काही वर्षी नाताळाच्या सुमाराला पाणी एकदम उबदार झालेलं जाणवायचं आणि मासळी नाहीशी व्हायची. बाळ येशूवरून त्यांनी त्याला ‘एल निनो’ म्हटलं. याच चक्राचं हवेतलं टोक सापडलं ते मात्र हिंदुस्थानात बसलेल्या माणसाला. 1899 च्या दुष्काळानंतर मान्सूनचा अंदाज बांधायची निकड सरकारला जाणवली, आणि 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर हा गणिती हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. खात्याचं मुख्यालय तेव्हा शिमल्याला होतं. ते पुढे 1928 मध्ये पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. जगभरच्या दाबाच्या नोंदी तासत बसलेल्या वॉकरच्या लक्षात आलं, की प्रशांतच्या एका टोकाला दाब वाढला की दुसऱ्या टोकाला, हिंदी महासागराकडे, तो उतरतो. तराजूची दोन पारडी जणू. याला त्याने ‘दक्षिणी आंदोलन’ असं नाव दिलं. हे आंदोलन आणि पेरूचं उबदार पाणी ही एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत, हे याकोब ब्यर्कनेस या हवामानशास्त्रज्ञाने 1969 मध्ये दाखवलं. वॉकर त्याआधीच वारला होता.

एल निनोत पूर्व आणि मध्य प्रशांत तापतो, तिथे ढगांचे मनोरे उठतात, आणि वर गेलेली हवा उंचावरून चारी दिशांना पसरते. त्यातली एक धार अटलांटिकवर जाते. आता कल्पना करा, चुलीतून धूर सरळ वर चढतोय आणि छपराच्या उंचीवर जोराचा वारा सुटला. धूर वाकतो, फाटतो. वादळाचंही तसंच. खालचा वारा एका दिशेला आणि वरचा दुसऱ्या दिशेला किंवा वेगळ्या जोराने वाहू लागला, की वादळाचा ढगांचा खांब तिरका होतो आणि त्याची उष्णता एका जागी साठत नाही. म्हणून एल निनोच्या वर्षी अटलांटिकमध्ये वादळं कमी. हवामानशास्त्रज्ञ विल्यम ग्रे यांनी 1984 मध्ये हा संबंध मांडला आणि तेव्हापासून तिथले हंगामी अंदाज त्याच्यावर उभे आहेत. ला निनात, म्हणजे प्रशांतचा तोच भाग नेहमीपेक्षा गार पडतो तेव्हा, उलट. 2020 मध्ये प्रशांतात ला निना जोर धरत होती आणि अटलांटिक तापलेला होता. त्या हंगामात 30 वादळांना नावं द्यावी लागली, इतकी की यादी संपून ग्रीक अक्षरं काढावी लागली.

त्याच 2020 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य व्हिएतनामवर एकामागून एक वादळं आदळली. ला निनात प्रशांतचं उबदार पाणी पश्चिमेला गोळा होतं, वादळं आशियाच्या किनाऱ्याच्या जवळ जन्मतात आणि सरळ पश्चिमेला जाऊन फिलिपिन्स, व्हिएतनामवर चढतात. एल निनोत त्यांचा जन्म पूर्वेला सरकतो, समुद्रावरचा प्रवास लांबतो, ती जास्त तगडी होतात, पण बरीचशी वाटेत उत्तरेला वळून जातात. म्हणजे वादळं जास्त बलवान आणि व्हिएतनामचा पाऊस मात्र कमी, असं एकाच वर्षी घडू शकतं. वाऱ्याचा जोर आणि पावसाची बेरीज यांना एकच समजू नये, ते यासाठी.

आता आपल्या घरच्या चक्राकडे. 1999 मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या चौघा शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराचं स्वतःचं एक आंदोलन मांडलं. त्याला हिंदी महासागर द्विध्रुव म्हणतात. एरवी विषुववृत्तावरचे वारे शरदात पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात आणि उबदार पाणी सुमात्राच्या बाजूला ढकलून ठेवतात. काही वर्षी हे वारे पडतात किंवा उलटे फिरतात. मग सुमात्रा-जावाजवळ खोलातलं गार पाणी वर येतं आणि उबदार पाण्याचा जाड थर आफ्रिकेकडे, अरबी समुद्राच्या तोंडाशी साचतो. हा ‘धन’ द्विध्रुव. 2019 मध्ये दोन टोकांच्या तापमानातला फरक नेहमीपेक्षा दोन अंशांवर गेला होता, नोंदींतल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. त्याच कलण्याने एका टोकाला ऑस्ट्रेलियात वणवे भडकायला रान कोरडं केलं आणि दुसऱ्या टोकाला पूर्व आफ्रिकेत पूर आणले.

इथे ‘जाड थर’ हा शब्द महत्त्वाचा. बंबातलं पाणी वर कढत आणि तळाला कोमट असतं. ढवळलं की सगळंच कोमट. वादळ समुद्र ढवळतं. वरचा उबदार थर पातळ असला, तर वादळ स्वतःच्या पायाखाली गार पाणी उपसून स्वतःची चूल विझवतं. थर जाड असला तर ढवळूनही उबदारच पाणी वर येतं. बंगालच्या उपसागरात चूल विझू न देण्याचं काम गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी करतं. ते हलकं असल्याने झाकणासारखं वर बसतं आणि खालचं ढवळू देत नाही. अरबी समुद्राला असं झाकण नाही. इथे वादळं उपसागराच्या चौथाईच्या आसपास उठतात, याचं हे एक कारण. धन द्विध्रुवाच्या वर्षी ही उणीव भरून निघते. 2019 मध्ये वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळं अरबी समुद्रात झाली.

2015 च्या नोव्हेंबरातही असाच मेळ होता, वर जोडीला मोठा एल निनो. तेव्हा चपला आणि मेघ ही दोन वादळं आठवड्याभरात सोकोत्रावरून येमेनकडे गेली आणि जिथे वर्षभरात जेमतेम पाऊस पडतो तिथे नद्या वाहिल्या. मग 2018 च्या मेमध्ये मेकुनू ओमानमधल्या सलालावर चढलं आणि एका दिवसात 278 मिलिमीटर पाऊस पाडून गेलं. तिथल्या वार्षिक सरासरीच्या दुपटीहून जास्त. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लुबान आलं. या दोघांच्या पावसाने रुब अल खालीच्या वाळवंटात तळी साचली, ओल्या वाळूत टोळांनी अंडी घातली, आणि माणसांची वस्ती नसल्याने कुणाला पत्ता लागेपर्यंत त्यांच्या पिढ्यांवर पिढ्या वाढल्या. ते टोळ येमेन, इराण, पाकिस्तान, राजस्थान करत 2020 च्या मेमध्ये अमरावती-नागपूरच्या बागांवर उतरले. वाळवंटातल्या वादळी पावसाचं बिल दोन वर्षांनी विदर्भात आलं.

आतापर्यंतची चक्रं दोन ते सात वर्षांत फिरणारी होती. यांच्यामागे आणखी संथ चक्रं आहेत. प्रशांतमधलं दशकी आंदोलन वीस-तीस वर्षं एका बाजूला राहतं. हे नाव 1990 च्या दशकात रूढ केलं ते अलास्काच्या सॅमन माशांचा अभ्यास करणाऱ्या स्टीव्हन हेअर या मत्स्यशास्त्रज्ञाने. म्हणजे इथेही पुन्हा मासळीच. कोळीवाड्यातल्या कुणा म्हाताऱ्याला याचं नवल वाटणार नाही.

उत्तर अटलांटिकचं चक्र त्याहून लांब, 60-70 वर्षांचं. 1920 च्या दशकापासून 1960 च्या दशकापर्यंत तो महासागर उबदार होता, 1970 ते 1994 थंड, आणि 1995 पासून पुन्हा उबदार. हे अंश-दीड अंशाचंसुद्धा प्रकरण नाही, काही दशांश अंशांचं आहे. मग त्याने वादळं कशी वाढतात? तर इतर उष्ण समुद्रांच्या तुलनेत अटलांटिक जास्त तापला, की पावसाचा पट्टा उत्तरेला सरकतो, व्यापारी वारे मंदावतात आणि वरच्या-खालच्या वाऱ्यातली ओढाताण कमी होते. सगळेच समुद्र सारखे तापले असते तर हा फायदा वादळांना मिळाला नसता. फरक तुलनेचा आहे.

आणि इथे एक खोच आहे. 1970 च्या सुमाराचा तो थंड काळ खरोखरच समुद्राच्या अंगचा होता, की युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने ऊन अडवल्यामुळे आला? पुढे धुरावर कायद्याने लगाम आला आणि समुद्र तापला. मायकेल मान या शास्त्रज्ञाने 2000 मध्ये या चक्राला नाव पाडलं, आणि 2021 मध्ये त्यानेच सहकाऱ्यांसोबत लिहिलं, की ज्वालामुखी, धूर आणि हरितगृह वायू वजा केले तर असं चक्र शिल्लकच राहत नाही. आपण नाव दिलेलं बाळ आपणच नाकारायचं, हे विज्ञानात फार वेळा होत नाही. या वादात अजून दोन्ही बाजूंना माणसं आहेत. माझा कल मानच्या बाजूला झुकतो, निदान गेल्या शतकापुरता.

असो. चारपैकी दोन गोष्टी झाल्या: किती आणि कुठे. चक्रांचा हात इथे सगळ्यात जास्त चालतो. तिसरी गोष्ट वाफेची, आणि तिचा हिशेब पक्का आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते. चक्रामुळे समुद्र अर्धा-एक अंश तापतो, म्हणजे वाफ साडेतीन ते सात टक्के जास्त. चौथी गोष्ट थांबण्याची. अमेरिकेत क्राफ्ट नावाच्या हवामानतज्ज्ञाचा एक ठोकताळा जुन्या अंदाजकर्त्यांच्या तोंडी असायचा: शंभराला वादळाच्या पुढे सरकण्याच्या वेगाने, तो सागरी मैलांत घेऊन, भागा; येईल तितके इंच पाऊस. वादळ ताशी दहा सागरी मैल म्हणजे साडेअठरा किलोमीटरने चाललं, तर दहा इंच, 254 मिलिमीटर. वेग निम्मा झाला तर पाऊस दुप्पट, 508.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. समुद्र अख्खा एक अंश तापला तर 254 चे 272 होतात. वादळ निम्म्या वेगाने गेलं तर 254 चे 508. प्रत्यक्षात तापलेल्या समुद्रावर वारेही जोर धरतात आणि जास्त वाफ ओढतात, त्यामुळे वाढ सातवर थांबत नाही. 2017 च्या हार्वे वादळाच्या अभ्यासांत तापमानवाढीने पाऊस 15 टक्के आणि त्याहून जास्त वाढल्याचं दिसलं. तरी हार्वेने टेक्ससमधल्या नेदरलँड या गावी 1,539 मिलिमीटर पाऊस पाडला तो मुख्यतः जागचं हललं नाही म्हणून. वादळाला स्वतःचे पाय नसतात. ओढ्यातल्या भोवऱ्यासारखं ते आजूबाजूच्या प्रवाहाबरोबर वाहतं. हार्वेच्या दोन्ही बाजूंना जास्त दाबाची क्षेत्रं होती आणि त्यांच्यात ते अडकून बसलं. 1999 चा ओडिशाचा सुपर सायक्लोनही किनाऱ्यावर चढून तिथेच रेंगाळला होता. ते ला निनाचं वर्ष होतं आणि ला निनात उपसागर वादळांना पोषक असतो हे खरं. पण वादळ उठायला पोषक असणं आणि भुवनेश्वरच्या डोक्यावर बसून राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे कोणते वारे त्याला ढकलणार, हे त्या आठवड्याची हवा ठरवते. चक्राचा हात तिथवर फार सैल होऊन पोचतो.

म्हणूनच चक्र विरोधात असतानाही पाऊस बुडवून जातो. डिसेंबर 2023 मध्ये मोठा एल निनो होता आणि एल निनोत ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर वादळं कमी होतात. त्या हंगामात आलेलं जास्पर कमकुवत होऊन क्वीन्सलँडच्या उत्तर भागात घुटमळलं आणि काही ठिकाणी पाच दिवसांत 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. आपल्याकडचं उदाहरण 2021 च्या मेमधलं तौक्ते. तेव्हा ना एल निनो, ना द्विध्रुवाचा जोर. पण वादळ लक्षद्वीपपासून गुजरातपर्यंत किनाऱ्याला समांतर गेलं, केरळपासून मुंबईपर्यंत प्रत्येक बंदराला बावटा लागला, आणि सांताक्रूझला एका दिवसात 230 मिलिमीटर पाऊस झाला. मे महिन्यात असा पाऊस मुंबईने पाहिला नव्हता.

तौक्तेच्या मागे चक्र नसलं तरी चढण होती. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांचे सहकारी सांगतात, की हिंदी महासागर 1950 ते 2020 या काळात शतकाला सुमारे 1.2 अंश या वेगाने तापला. त्याच संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि इतरांनी मोजलं, की अरबी समुद्रातली चक्रीवादळं 1982 ते 2000 च्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये 52 टक्क्यांनी वाढली आणि त्यांचा एकूण कालावधी 80 टक्क्यांनी. झोपाळा मागेपुढे होतोय, पण झोपाळ्याची कडी ज्या तुळईला लावली आहे ती तुळईच वर उचलली जातेय. आजचा साधा हेलकावा कालच्या मोठ्या हेलकाव्याइतकी उंची गाठतो.

या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढायच्या तर लांबवरच्या नोंदी हव्यात. समुद्रावरचा पाऊस रडारने मोजणारा पहिला उपग्रह, टीआरएमएम, नोव्हेंबर 1997 मध्ये उडाला. म्हणजे तीस वर्षांच्याही नोंदी नाहीत, आणि चक्र सत्तर वर्षांचं. अर्धा फेरासुद्धा पाहिलेला नाही. मग शास्त्रज्ञ झाडांकडे वळले. अमेरिकेच्या आग्नेय भागात लांब सुयांचा एक पाइन वाढतो. त्याच्या प्रत्येक वाढकड्यात दोन पट्टे असतात, वसंतातला फिकट आणि उन्हाळा-शरदातला गडद. गडद पट्टा त्या झाडाला जून ते ऑक्टोबरमध्ये किती पाणी मिळालं ते सांगतो, आणि कॅरोलायनात त्या महिन्यांतला मोठा पाऊस बऱ्याच अंशी वादळांचा असतो. वादळाच्या पावसाची आणखी एक खूण आहे: त्यात जड प्राणवायू नेहमीच्या सरीपेक्षा कमी असतो, कारण ढगांतून ढगांत गोल फिरताना जड रेणू आधीच गळून पडलेले असतात. लाकडात ती खूण उतरते. जस्टिन मॅक्सवेल आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये अशा गडद पट्ट्यांवरून तीन शतकांचा वादळी पाऊस उभा केला, तेव्हा त्यात चढउतारही दिसले आणि अलीकडची चढणही.

सह्याद्रीत आणि केरळात हे काम सागवान करतो. पुण्याच्या संस्थेने केरळच्या सागाच्या कड्यांवरून जुने दुष्काळ वाचले आहेत. वादळं वाचणं मात्र तिथे अवघड. आमच्या सागावर जून ते सप्टेंबर मान्सून असा कोसळतो, की ऑक्टोबरात आलेल्या एखाद्या क्यारची ओल त्याच कड्याच्या अगदी काठावर, केसाएवढ्या जागेत बसते.